दिसलं तरच ऐकू येतं

अरे, आदर्शचं तोंड बघायला पायजे होतं त्या दिवशी! लातूरला कानाच्या तपासणीचं शिकून राहिला ना तो, दुसऱ्या वर्षाला. लई उड्या मारत गावाकडं आला धर्माबादला. संगं वर्गातली मुग्धा. तिला मिरचीचा मोंढा, म्हंजी मोठा बाजार, बघायचा होता. आन आदर्शची माय, कोंडाबाई, तिथंच एका अडतीवर मिरचीचे देठ खुडायला जाती. हा म्हणून राहिला, दुसरीकडून जाऊ. तर मुग्धा म्हणती, "अरे, काकूंना भेटू की!"

आत गेले तर मिरचीचा असा खकाणा उडालेला, डोळ्यांतून धारा. समद्या बायांनी नाकातोंडाला फडकी बांधलेली. मुकादम अण्णाराव ओरडला, "कोंडाबाई, पोरगा आला बघ!" ती आपली खुडतच. पुन्हा ओरडला. न्हाईच. शेजारची केवळाबाई म्हणाली, "येडीच हाय ही," आन मूठभर मिरच्या तिच्या पुढ्यात फेकल्या, तवा कुठं तिनं मान वर केली. आदर्शला मुग्धापुढं मेल्यावानी झालं. तोंडावरच्या रुमालातूनच खेकसला, "माय, ध्यान कुठं असतं गं तुझं?" ती नुसती हसली.

दुपारी समद्या बाया बाहेर लिंबाखाली भाकरी खायला बसल्या, फडकी सोडून. आता गेलेली इज्जत परत आणायची म्हणून ह्यानं फोन काढला. त्यात त्यानं स्वतःचाच व्हिडिओ बनवलेला. तोंडानं म्हणतो 'गा', पण आवाज चिकटवलाय 'बा'चा. गंमत काय, बघणाऱ्याला ऐकू येतं तिसरंच, 'दा'! कान एक सांगतो, डोळा दुसरं सांगतो, आन मेंदू दोघांचं भांडण मिटवून आपल्या मनाचंच ऐकवतो. खरंच होतं बरं का असं.

"काय म्हणला मी?"

"दा!" समद्या बाया एका दमात. एकटी कोंडाबाई म्हणाली, "गा."

"गा कुठून काढलंस माय? कान धुवून ये आधी!" हा हसला. बाया बी हसल्या.

केवळाबाई म्हणाली, "लाव रे पुन्हा." ह्यानं लावला, पण बोट बाजूच्या बटणावर दाबलं गेलं, आवाज पार बंद.

"ए, आवाजच न्हाई की रे!"

आन तेवढ्यात कोंडाबाई, ह्या वेळेला तरी चुकू नये म्हणून घाईघाईनं, "गाच म्हणला! आताबी गाच!"

बायांनी पोटं धरली. मुग्धा हसली न्हाई. आदर्शनं तर फोनच खाली ठेवला. हे त्यानं परीक्षेत लिहिलं होतं रे! कान हळूहळू जातो, डोळा त्याचं काम उचलतो, माणूस कुणाला पत्ता लागू देत न्हाई. पानभर लिहिलं होतं. आन मिरचीच्या दिवसांतच मायला समदे येडी का म्हणत्यात, हे त्याला आज कळालं. समद्यांची तोंडं झाकलेली, तिनं ऐकावं कशानं?

तिच्या म्होरं बसला. "माय, कवापासून?"

तिला समजलं, काय इचारतो ते. इकडंतिकडं बघून बारीक आवाजात म्हणाली, "तू शाळेत होतास तवापासून. बहिरी म्हणलं की कामावर कोण ठेवतंय?"

"मला तरी सांगायचं."

"फोनवर कसं सांगू? तुझं बोलणं मला कुठं समजतं त्यात? म्हणून तर म्हणायची, तोंड दिसंल असा फोन लाव. तू म्हणायचास, रेंज न्हाई."

रेंज होती. होस्टेलात मागून पोरं बघतील, फडकं गुंडाळलेली, मिरचीनं लाल झालेली माय दिसंल, म्हणून लावत नव्हता. होस्टेलात रेंज भरपूर असती, हे मुग्धाला बी माहीत. तिनं त्याच्याकडं एकदाच बघितलं. त्यापरीस एक कानफटात दिली असती तर बरं झालं असतं.

मग मुग्धा कोंडाबाईसमोर सरकली, सावकाश म्हणाली, "काकू, लातूरला चला. आमच्या कॉलेजात तपासू. मशीन मिळेल कानाला."

कोंडाबाईनं बघितलं मात्र पोराकडं. "तुझ्या दोस्तांसमोर? चालंल का रे तुला?"

"हाव," म्हणला तो. पण कसं? मान खाली, मातीकडं बघत.

ती वाट बघत राहिली. बराच वेळ त्याच्या तोंडाकडंच बघत. मग तिला वाटलं, पोरगा गप हाय म्हणजे न्हाईच म्हणतोय. "ऱ्हाऊ दे मग," म्हणली आन फडकं घेऊन उठाय लागली.

त्यानं हात धरला तिचा. मान काही केल्या उचलंना, मणाचं ओझं ठेवल्यावानी. डोळे भरलेले, नाक वाहून राहिलेलं, केवळाबाई टक लावून बघून राहिलेली. तरी त्यानं तोंड वर केलं, तिच्या डोळ्यांपुढं आणलं आन ओठ नीट हलवून म्हणला, "चालंल माय. चल."