कोंबडा कुणाच्या नावानं

गवाई सणाच्या संध्याकाळी आमच्या लांबघराच्या, म्हणजे एकाच छपराखाली ओळीनं असलेल्या बावीस घरांच्या, सामाईक ओसरीवर उंचात नैवेद्याची ताटं मांडत होता. उंचात आमचा मुखिया. त्याची धाकटी बहीण लुंसा रविवारची प्रार्थना चालवते. ती येऊन त्याच्यासमोर उभी राहिली, तशी बावीस घरांची माणसं गप्प झाली.

"दादा, कोंबडा ओवाळणार आहेस?"

"सुगीचा सण आहे. ओवाळायला नको?"

"बाप्तिस्मा झालाय तुझा. दोन दोन दारी कशाला हात पसरतोस?"

"आणि नाताळला तू झाड सजवतेस ते? ती चाल येशूच्या आधीची, दुसऱ्याच लोकांची. पाद्रीबाबाच म्हणाले."

"मी झाडाला हाक मारत नाही. तू भूमीच्या देवाला नाव घेऊन जेवायला बोलावतोस."

उंचातच्या मुठीत भाताच्या लाह्या होत्या. मूठ तशीच राहिली.

"आपले बाबा बोलवायचे," तो हळू आवाजात म्हणाला. "आता मी बोलावतो. नाही बोलावलं आणि पिकाला कीड लागली, तर हे सगळे माझं तोंड बघतील. तुझं नाही."

"मग रविवारी दुसरं कुणी बघा."

ती आत आपल्या खोलीत गेली. तिच्यामागं सात घरं उठली. माझी बायकोही गेली, मी बसून राहिलो. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून त्यांचं गाणं सुरू झालं.

"वाजवा रे जोरात," कुणीतरी म्हणालं. काशाच्या घंटा घुमायला लागल्या. उंचातनं हात वर केला.

"थांबा. त्यांचं होऊ दे."

आतलं गाणं संपल्यावर तो उठला. आमच्या डोक्यांवरून कोंबडा ओवाळला, तांदळाची दारू शिंपडली, पण नाव कुणाचंच घेतलं नाही. ज्यानं भात दिला त्याचं भलं होवो, एवढंच पुटपुटला.

"कुणाला वाढतोयस ते तरी सांग," म्हातारे लान्यांग म्हणाले. उंचातनं त्यांच्यापुढं दारूचा पेला धरला. लान्यांग पेला तसाच ठेवून घरात निघून गेले. नंतर महिनाभर ते त्याच्याशी बोलले नाहीत.

रविवारी लुंसा प्रार्थनेला आली, पण मागच्या बाकावर बसली. पुढं कुणीच जाईना. शेवटी उंचात गेला आणि प्रार्थना वाचायला लागला. त्याला वाचायची सवय नव्हती. एका शब्दावर तो अडला, पुन्हा अडला. कुणीतरी हसलं.

लुंसानं बसल्या जागेवरून तो शब्द सांगितला. पुढं मात्र आली नाही.