चमकीचा हार

रमीजला कामावरून काढायचं आधीच ठरलं होतं. फक्त पुरावा हवा होता, आणि तो शोधायला मेंटेनन्सच्या मला पिटाळलं.

चाकणच्या आमच्या कंपनीत दसऱ्याच्या तोंडावर प्रत्येक प्रेसवर काडेपेटीएवढा सेन्सर बसवला होता. मशीन नको तेवढी थरथरली की तो कळवतो. त्याचा रेडिओ वेगळ्या जातीचा, छतावरच्या वाय-फायचा वेगळा; तरी मध्ये कुठलं यंत्र न ठेवता वाय-फाय त्याचं ऐकतं. सेल वर्षानुवर्षं टिकावा म्हणून सेन्सर बोलतो मात्र अगदी हळू. रमीजच्या प्रेसवरचा दसऱ्यापासून गप्प होता. नवी वस्तू, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. गुरुवारची साप्ताहिक सुट्टी झाली आणि दुसऱ्याच दिवशी त्या प्रेसचं बेअरिंग जळलं.

सुपरवायझर नवनाथचं म्हणणं, रमीजच सेल काढून ठेवतो, मग मशीन हवी तशी ताणतो. "ह्या लोकांचं काय सांगता येतंय, मॅडम," तो हळूच म्हणाला. मला त्याची चीड आली. पण रमीज माझी नजर चुकवत होता, सारखा प्रेसकडे बघून मान फिरवत होता. काहीतरी लपवतोय हे नक्की, असं मलाही वाटू लागलं.

प्रेसला गुंडाळलेल्या हारात हात घालून मी सेन्सर काढला. सेल जागेवर, सील शाबूत. हातात धरला तर मोबाइलवर लगेच दिसला. परत बसवला, की गप्प.

तेव्हा कुठे माझं लक्ष हाराकडे गेलं. खंडेनवमीला झेंडू कमी पडला, म्हणून नवनाथनेच या प्रेसला चंदेरी चमकीचा हार चढवला होता. आमच्याकडे पूजेचा हार सुकल्याशिवाय उतरवत नाहीत. हा मेला सुकणार कधी? धातूचा मुलामा दिलेल्या त्या चमकीतून एवढासा आवाज बाहेर पडेल कसा?

मी हार वर सरकवला. सेन्सर बोलू लागला.

नवनाथ म्हणाला, हे कोणाच्या लक्षात येणार होतं. मी रमीजला विचारलं, "तुझ्या आलं होतं?"

"हारात अडकलाय, एवढं दिसत होतं."

"मग हार काढायचा ना!"

त्याने नवनाथकडे पाहिलं, मग पहिल्यांदाच माझ्याकडे.

"पूजेचा हार मी काढू? नोकरी गेली तर दुसरी मिळंल, मॅडम."