तिसरी हाक

"या विवाहास कोणाची हरकत असल्यास त्याने आत्ताच उभे राहावे," असं पाळकसाहेबांनी वाचलं, नेमकी तेव्हाच लाईट गेली, पंखे थांबले आणि शांतवन इंगळे उभा राहिला.

नांदुऱ्याच्या त्या लहानशा चर्चमध्ये सत्तर-ऐंशी माणसं होती. सगळ्यांनी श्वास रोखला, कारण शांतवन हाच नवरदेव होता. लग्नाआधी तीन रविवार वर-वधूची नावं मंडळीपुढे वाचायची, त्याला हाक म्हणतात. ही तिसरी, म्हणजे शेवटची. हाकेला कोणी उभं राहिल्याचं गोविंदाबुवांसारख्या म्हाताऱ्यालाही आठवत नव्हतं, आणि आज उभा राहिला तो खुद्द नवरदेव!

बिचाऱ्याच्या मनात हरकत-बिरकत काही नव्हती. लाईट गेली की मागच्या शेडमधला जनरेटर सुरू करायचा, हे काम बरीच वर्षं त्याच्याकडे होतं. तो कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होता आणि तो जनरेटर दुसऱ्या कोणाला दाद देत नसे. पंखा थांबला की शांतवनचे पाय डोक्याला न विचारताच उठत. दारापाशी पोचल्यावर मागची शांतता त्याच्या कानात शिरली.

"शांतवन, तुमची हरकत आहे?" पाळकसाहेबांनी चष्म्यावरून विचारलं.

"नाही जी! जनरेटर..."

बायकांच्या बाजूला बसलेली नवरी, दीना, तोंडावर पदर धरून हसत सुटली, ती शेवटच्या गीतापर्यंत थांबेना.

खरं तर हसण्याचा हक्क तिला होताच. दीना लोणारच्या एका मास्तरांची मुलगी, नांदुऱ्याला नर्स म्हणून आली होती. शांतवनने तिच्याशी बोलायचं धाडस केलं नाही. रीतीप्रमाणे पाळकीणबाईंकडे शब्द टाकला. "प्रार्थना करून सांगते," असा दीनाचा निरोप आला. मग तीन महिने काही नाही. शांतवन दर रविवारी डोक्याला तेल चोपडून, इस्त्रीचा शर्ट घालून यायचा आणि जनरेटरपाशी काळे हात घेऊन परतायचा. देवाला इतका वेळ का लागतोय, हे त्याला कळेना.

लग्नानंतर तिने कबूल केलं, "उत्तर तं पयल्याच आठवड्यात भेटलं होतं."

"मंग तीन महिने काऊन लावले?"

"तुमी दर रविवारी भांग पाडून येत होते ना! पाहाले मजा ये."

असा त्यांचा संसार सुरू झाला. जेवणाआधी प्रार्थना, निजताना प्रार्थना आणि मधल्या वेळात एकमेकांची टिंगल. फक्त मूल झालं नाही. अकोल्याला तपासण्या झाल्या, औषधं झाली. मंडळीतल्या बायका दीनाच्या डोक्यावर हात ठेवून ठेवून दमल्या. आठव्या वर्षी एकदा प्रार्थना संपल्यावर दीना डोळे मिटूनच म्हणाली, "आपन देवाले मांगून राह्यलो का लेकरू दे म्हनून. एखादं लेकरूयी मांगत असंन ना, मायबाप दे म्हनून."

दुसऱ्या दिवशी जिनिंगमधून अर्धी सुट्टी घेऊन शांतवन कागदपत्रं गोळा करायला निघाला. आपला नवरा 'हो' असंच म्हणतो, हे दीनाला ठाऊक होतं.

दत्तकासाठी नोंदणी झाली आणि समता नावाची समाजसेविका घर पाहायला आली. तिने पगार विचारला, खोल्या पाहिल्या, नळाला पाणी कधी येतं तेही लिहून घेतलं. शेवटी ती शांतवनच्या आईकडे वळली. "आजी, घरातल्या सगळ्यांचं मत लिहावं लागतं. तुमची काही हरकत?"

बनाबाईंनी गुडघ्यावरचा हात काढला नाही. "प्रार्थना करून सांगतो," त्या म्हणाल्या.

दीना या वेळी हसली नाही.

म्हातारी दुष्ट नव्हती. नवरा तरुणपणीच गेला, तिने सरकी वेचून पोराला वाढवलं. शांतवनचं नाक थेट बापासारखं, आणि तेच नाक नातवाच्या तोंडावर पाहून डोळे मिटायचे, एवढी एकच हौस तिने मनात धरली होती. "तुह्या बापाचं नाक संपलं मंग," ती त्या रात्री जेवताना म्हणाली.

आठवडाभराने तिने समताला फोन लावायला सांगितला. "लिवा, हरकत नाही म्हनून. कागदाच्या आड मी येत नाही." मग फोन ठेवून लेकाकडे वळली. "पन लेकरू आलं का मंडळीत तीन हाका झाल्या पायजेत. सून आनतानी इचारता, लेकरू आनतानी काऊन नाही? ज्याले बोलाचं त्यानं तोंडावर बोलावं, नळावर नाही. माह्या मनात काही असंन तं मीयी तितंच उभी राहीन."

"असा रिवाज नाही, बनाबाई," पाळकसाहेब म्हणाले.

"मंग पाडा."

साडेतीन वर्षं वाट पाहिल्यावर फोनवर फोटो आला. चार वर्षांची पायल, कापलेले केस, बसकं नाक, फोटो काढणाऱ्यावर नाराज असलेली. हो की नाही, ते अठ्ठेचाळीस तासांत कळवायचं होतं. "आधी प्रार्थना," दीना म्हणाली. दोघं गुडघे टेकून बसले. अर्ध्या मिनिटाने शांतवनने हळूच एक डोळा उघडला, तर दीना दोन्ही डोळे उघडे ठेवून फोनकडे बघत होती.

"आमेन," ती म्हणाली.

पायल घरी आली. कलेक्टरसाहेबांचा आदेश यायचा होता, तोवर ती सांभाळायला म्हणून दिलेली. पहिले चार दिवस ती चपला काढेना, निजतानाही पायात. पाचव्या दिवशी तिने त्या काढल्या आणि शांतवनच्या बुटांशेजारी नीट लावून ठेवल्या. शांतवन जिनिंगला उशिरा पोचला, कारण ते बूट तिथून उचलायला त्याचा हात होईना. आपल्याला इतका आनंद झेपेल का, अशी त्याला भीतीच वाटली.

बनाबाई मात्र तिला "ते लेकरू" म्हणायच्या. ते लेकरू जेवलं का, ते लेकरू उन्हात गेलं. दीना त्यांच्या गुडघ्यांना तेल लावायची, ते पाहून पायलही एका गुडघ्याचा ताबा घेऊन बसे. म्हातारी तिला हाकलत नव्हती, पण तिच्याशी बोलतही नव्हती.

पहिल्या हाकेच्या रविवारी बनाबाई गुडघ्यांचं निमित्त करून घरी राहिल्या. दुसऱ्या रविवारी आल्या, पण हाकेच्या जरा आधी उठून बाहेर नळावर गेल्या. तसं त्यांचं उठणं नवं नव्हतं. दहा मिनिटांच्या वर एका जागी बसलं की गुडघे आखडायचे, म्हणून त्या उपासनेत चार-पाचदा उभ्या राहायच्याच. पण शांतवनचा जीव टांगणीला लागला. कायद्याने म्हातारीच्या उभं राहण्याला काही किंमत नव्हती. पण सगळ्या मंडळीदेखत आजी उभी राहिली, तर ती गोष्ट नांदुऱ्यात पायलच्या आधी मोठी झाली असती.

तिसरा रविवार मे महिन्यातला. बनाबाई पुढच्याच बाकावर, दीना आणि पायलच्या मध्ये बसल्या. पाळकसाहेबांनी कागद उघडला. "शांतवन व दीना इंगळे हे पायल या बालिकेस आपली कन्या म्हणून स्वीकारत आहेत. कोणाची हरकत असल्यास त्याने आत्ताच उभे राहावे."

आणि लाईट गेली.

शांतवनची मांडी बाकावरून वीतभर उचलली गेली. पलीकडून दीनाने असे डोळे वटारले की तो होता तिथेच परत बसला. मंडळीला अकरा वर्षांपूर्वीचं सगळं आठवत होतं. पाळकसाहेबांनाही आठवत असावं, कारण त्यांनी कागद खाली ठेवला आणि नेहमीपेक्षा जास्तच वेळ थांबले.

कोणी हललं नाही. घामाच्या धारा लागल्या. तपकिरीसाठी हटकून बाहेर जाणारे गोविंदाबुवा डबी मुठीत धरून बसले होते. मागे एक तान्हं रडायला लागलं, त्याच्या आईने त्याला बसल्या जागीच थोपटलं. बनाबाईंनी बाकाची फळी दोन्ही हातांनी धरली होती आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती. दहा मिनिटं केव्हाच उलटली होती. गुडघे पेटले असणार, हे शांतवनला इतक्या लांबूनही दिसत होतं.

"कोणाचीही हरकत नाही," पाळकसाहेब म्हणाले.

त्यांनी संदेश दिला, तोही बिनपंख्याचा. शेवटच्या गीताला मंडळी उभी राहिली, शांतवन उभा राहिला. बनाबाई बसूनच होत्या. दीना वाकून म्हणाली, "आई, आता उठलं तं चालते."

"मी नाही उठत. कोनाच्या मनात काही याले नोको."

आशीर्वाद झाला. माणसं बाहेर पडली, दारात साखर वाटली गेली. रिकाम्या चर्चमध्ये बनाबाई फळी धरून तशाच होत्या. पाळकसाहेब पायऱ्या उतरून जवळ आले.

"झाली का जी तिसरी हाक? पुरी झाली?"

"पुरी झाली, बनाबाई. उठा."

त्यांनी जोर केला, पण गुडघे काही ऐकेनात. शांतवन धावला. त्याच्या आधीच पायलने आजीचा हात दोन्ही हातांनी ओढायला सुरुवात केली होती. म्हातारीने लेकाला मानेनेच बाजूला सारलं, पोरीच्या खांद्यावर पंजा टेकवला आणि कण्हत उभी राहिली.

लाईट आली, वर पंखे फिरू लागले. शांतवनने तिकडे पाहिलंही नाही. त्या दोघी दाराकडे निघाल्या होत्या, एक पाऊल टाकून थांबत, पुन्हा एक टाकून थांबत.

"हळू चाल वं, पायल," बनाबाई म्हणाल्या. "मले तुह्या बराबर येऊ दे."