सत्तावीस हजार पावलं

"घरची भाकरी दिसली की ह्याला पोट भरल्याची आठवण होती," सोजराबाई म्हणाली. "आन् टपरीवरचा वडा दिसला की पोटाला तळच न्हाई."

भिंतीला भिंत लागून राहणारी ठकूबाई लसूण सोलता सोलता नुसती हसली. हे गाऱ्हाणं तिला पाठ होतं. जयदीप हा सोजराबाईचा एकुलता एक. महाळुंग्यातल्याच एका मोठ्या कंपनीत सुपरवायझर. संध्याकाळी ड्युटी सुटली की घर दोन किलोमीटरवर, पण त्याची गाडी सरळ घरी म्हणून यायची नाही. गेटाबाहेर दोन वडापाव, पुढं चौकात भजी, त्यावर कटिंग. मग घरी येऊन भाकरीचा चतकोर मोडायचा आणि "आई, डाएट चालू आहे," म्हणत ताट बाजूला सारायचा. शर्टाच्या खिशावर बेसनाची चुरी तशीच असायची.

"ह्याची पोरगी तिसरीत गेली, तरी जिभंला लगाम न्हाई," सोजराबाई म्हणाली. "डाक्टरनं साखर काठावर आलीय म्हणून सांगितलं, तर हा म्हणतो, काठावरच हाय ना, आत कुठं पडलीय? ह्याचा बाप असाच हसत हसत खायाचा. चव्वेचाळिसाव्या वर्षी वट्ट्यावर बसल्या जागी गेला. तांब्या भरून आणस्तवर मान टाकली व्हती."

"व्हय बाई," ठकूबाई म्हणाली. "पण माया हाय हो पोराला. घड्याळ दिलं की तुला."

इथं सोजराबाईचा आवाज आपोआप खाली यायचा. पदर सावरायच्या निमित्तानं डावा हात पुढं यायचा, आणि मनगटावरचं ते काळं, रबरी पट्ट्याचं, बिनकाट्याचं घड्याळ उजेडात यायचं.

नवीन वर्ष लागलं त्या आठवड्यात जयदीपनं ते आणलं होतं. स्वतःच्या हातानं तिच्या मनगटाला बांधलं होतं. आजवर लेकाच्या नावानं आलेली लुगडी सून पूनमनंच निवडलेली असायची. लेकानं आपणहून आणलेली ही पहिली वस्तू.

"आई, हे काढायचं नाही," तो म्हणाला होता. "ह्यात तुझे ठोके मोजले जातात. मला कंपनीत बसून मोबाइलवर तुझं काळीज दिसतं. जरा इकडंतिकडं झालं की मी गाडी काढून हजर. तू फक्त चालत राहा. जेवढं चालशील तेवढं बरं."

सोजराबाईचा त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. नवरा गेला तेव्हा कुणाला कळलं नव्हतं. आता कळणार होतं.

मग काय विचारता! पूनमनं घरी केलेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिनं डाव्या हातातल्या बांगड्या वर कोपरापर्यंत सारल्या. गल्लीतल्या रुक्मिणीबाईच्या लेकानं जमिनीचे पैसे आले तसे आईला सोन्याच्या पाटल्या केल्या होत्या. रुक्मिणीबाई त्या किणकिणवत बसली होती. सोजराबाईनं पाटल्यांकडं बघितलं, नाक उडवलं आणि म्हणाली, "चांगल्या हायेत. पन पाटल्यांतनं लेकाला आईचं काळीज दिसतं का गं?" बसलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. रुक्मिणीबाईनं वाणसुद्धा धड घेतलं नाही.

आणि सोजराबाई चालायला लागली. तशी ती बसणारी बाई नव्हतीच. बरीचशी जमीन कंपन्यांत गेली होती, उरले होते अठरा गुंठे, तीन बाजूंनी सिमेंटच्या भिंती आणि चौथ्या बाजूनं बांध, बांधाला लागून रस्ता. तिथला घास कापायचा, भारा आणायचा, म्हशीला पाणी, डेअरीवर दूध. पण आता ती जाताना जवळची वाट सोडून लांबची धरायची. लेक बघतोय म्हटल्यावर पाय दुखले तरी गोड वाटायचे. संध्याकाळी जयदीप आला की आधी मोबाइल काढायचा. "आई, आज अकरा हजार पावलं! उद्या बारा कर." पोरगं आपल्या तब्येतीला इतकं जपतंय, हे ती देवापुढं दिवा लावताना रोज सांगायची.

फाल्गुनात एका दुपारी बांधावर विळा तिच्या हातातून गळला. छातीवर कुणीतरी जात्याची पाळू ठेवल्यागत झालं. अंगाला घाम, डोळ्यांपुढं काजवे. ती भाऱ्याला टेकून खाली बसली. साधा फोन घरी ताकाच्या माठाशेजारी राहिला होता. पण ती घाबरली नाही. तिनं मनगट पदरातून बाहेर काढलं आणि उन्हात धरलं, जणू त्यानं लेकाला जास्त लख्ख दिसेल.

पाळी सुटलेल्या दोन बाया रस्त्यानं चालल्या होत्या, कंपनीच्या निळ्या कोटातल्या. त्यातली एक थांबली. बोली मराठवाड्याकडची.

"मावशी, काय होऊलालंय? लई घाम आलाय की तुम्हाला. गाडी बोलवू का?"

"नको गं बाई," सोजराबाई म्हणाली. "माझा लेक निघाला आसंल. त्याला दिसतंय समदं."

बाया एकमेकींकडं बघत गेल्या. सोजराबाई बसून राहिली. रस्त्यावरून जाणारी प्रत्येक पांढरी गाडी तिला जयदीपची वाटली. दीड तास. मग छातीवरचा भार आपला आपणच हलका झाला. ती उठली, भारा तिथंच टाकून भिंतीला धरत घरी आली.

संध्याकाळी जयदीप आला. मोबाइल बघितला. कपाळाला आठी.

"आई, आज तीनच हजार? दिवसभर बसून होतीस का?"

तिच्या तोंडात आलेलं उत्तर तिनं गिळलं. कंपनीत साहेब डोक्यावर उभा असेल, फोन बघायला सवड झाली नसेल. आपण बोललो तर पोराच्या जिवाला घोर लागेल. "व्हय रं," ती म्हणाली, "आज कटाळा आला व्हता." दुसऱ्या दिवशी ती तेरा हजार चालली. ही गोष्ट तिनं ठकूबाईलासुद्धा सांगितली नाही. सांगितली असती तर लेकाला बोल लागला असता.

एप्रिलात रविवारी कंपनीचा कुटुंब मेळावा होता. जयदीपनं सगळ्यांना नेलं. हिरवळीवर मांडव, एका बाजूला पाणीपुरी, दुसऱ्या बाजूला जिलबीचा घाणा, समोर स्टेज. स्टेजवर फलक. सोजराबाईची शाळा दुसरीत संपलेली. ती एकेक अक्षर लावत "तं... दु... रु..." करत होती, तोवर नात आरोहीनं वाचून टाकलं, "तंदुरुस्त पालक स्पर्धा, आजी! जे आईबाबा तीन महिन्यांत सगळ्यात जास्त पावलं चालले, त्यांना बक्षीस."

"तुझ्या बापाला काय, जिलबीचं बक्षीस हाय व्हय?" सोजराबाई म्हणाली.

साहेबांनी माइक घेतला आणि पहिलं नाव पुकारलं ते जयदीपचं.

पूनमनं टाळ्या वाजवल्या, पण मान वर केली नाही. जयदीप उठला. स्टेजच्या चार पायऱ्या चढून वर गेला तेव्हा त्याचा भाता चालला होता. साहेब कौतुकानं म्हणाले, "चारशे जणांत पहिला! आणि ही बघा ह्यांच्या घड्याळाची नोंद, सव्वीस जानेवारी. सुट्टी. लोक घरात लोळतात. हा गडी सत्तावीस हजार पावलं चालला! सांगा जयदीपराव, कसं काय जमवलं?"

जयदीपनं माइकमध्ये खोकून घेतलं. "सर, मुलीसाठी. बाप झालं की शरीर आपल्या एकट्याचं राहत नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

सव्वीस जानेवारी सोजराबाईला चांगली आठवत होती. शाळेतल्या ढोलाला बुजून म्हैस दावं तोडून पळाली होती. सोजराबाई एकेका कंपनीच्या भिंतीकडेनं, एकेका गेटावर वॉचमनला विचारत, सकाळपासून दिवे लागेपर्यंत फिरली होती. शेवटी म्हैस सापडली ती एका कंपनीच्या हिरवळीवर, शेवंतीचा वाफा खाऊन रवंथ करताना. त्या दिवशी जयदीप सकाळी दोस्तांबरोबर मिसळ चापून आला आणि पंखा पाचवर ठेवून पाचपर्यंत घोरला. म्हैस गेली म्हणून तिनं मधे घरी येऊन हलवलं तर कूस बदलून म्हणाला, "येईल गं ती."

सोजराबाईनं मनगटाकडं बघितलं. मग स्टेजकडं. मग पुन्हा मनगटाकडं.

खरं सांगायचं तर तिला आधी हसूच फुटलं. म्हणजे हे पराक्रम आपल्या पायांचे! चारशे गड्यांना एका त्रेसष्ट वर्षांच्या बाईनं धूळ चारली, तीही म्हशीच्या मागं. पोरगं लबाड, पण लबाडी बापाच्या वळणाची, पोटात घालण्यासारखी. स्टेजवर लाल रिबीन बांधलेली छोटी सायकल आली, आरोही तिच्यावर चढून घंटी वाजवायला लागली, आणि सोजराबाईनं लेकाला मनातल्या मनात निम्मं माफ करून टाकलं.

एवढ्यात साहेब म्हणाले, "जयदीपरावांच्या आई आल्यात. मावशी, दोन शब्द बोला!"

जयदीपचा चेहरा कढीसारखा फुटला. त्यानं आईकडं बघून मान हलवली. कशासाठी हलवली ते दोघांनाच ठाऊक.

सोजराबाई पदर खोचून वर गेली. माइक हातात घेतला. नातीकडं बघितलं.

"मला भाषण येत न्हाई," ती म्हणाली. "जो चालला त्याला बक्षीस मिळालं, झ्याक झालं. माझं एवढंच म्हणणं हाय, समद्यांनी चालावं, आन् आपल्या पायानं चालावं."

मांडव हसला, टाळ्या वाजल्या. "काय बोलल्या मावशी!" साहेब म्हणाले. जयदीप रुमालानं मान पुसत होता.

जेवणाच्या पंगतीला पूनम शेजारी बसली. बराच वेळ भात चिवडून म्हणाली, "आत्या, मला माहीत होतं. मी त्यांना दोनदा म्हटलं, आईंना खरं सांगा. चुकलं माझं."

"असू दे गं," सोजराबाई म्हणाली. "एका घड्याळात दोन कामं. पावलं त्याची म्हणून मोजली, आन् कंपनीत बसून माझं काळीजबी बघितलं. निम्मं तरी खरं व्हतं न्हवं?"

पूनमचा हात थांबला. "कंपनीत बसून? नाही हो आत्या. फोन जवळ आल्याशिवाय त्यातलं काही उतरत नाही. संध्याकाळी ते घरी आले की मग दिवसभराचं दिसतं. आणि ठोक्यांचं पान त्यांनी कधी उघडलेलंसुद्धा मी पाहिलं नाही. नुसती पावलं बघतात. कंपनीतून दिसतं असं कोण म्हणालं तुम्हाला?"

सोजराबाईनं हातातला घास ताटात ठेवला. पूनमनं दोनदा विचारलं, काय झालं म्हणून. ती हात धुऊन उठली. गाडीत आरोही मागं बसून सायकलची घंटी वाजवत होती.

घरी आल्यावर पूनमनं आरोहीला सायकल शिकवायला बाहेर अंगणात नेलं. जयदीप सोफ्यावर टेकला. मेळाव्यातून पुड्यात बांधून आणलेल्या जिलब्यांतली एक तोंडात टाकून तो म्हणाला, "आई, चिडलीस होय? अगं, गंमत होती. सगळेच करतात. आमच्या कंपनीतल्या रणजीतनं तर घड्याळ शिवणाच्या मशीनला बांधलं होतं. आणि तुझंही चालणं झालं की नाही? तुझ्याच तब्येतीचं भलं झालं."

सोजराबाईनं घड्याळाची पट्टी सोडायचा प्रयत्न केला. जमेना. शेवटी दातानं ओढून सोडली आणि घड्याळ त्याच्यापुढं ठेवलं.

"पावलांचं सोड," ती म्हणाली. "काळीज दिसतं म्हणून का सांगितलंस?"

"अगं, नाहीतर तू बांधलं असतंस का? दुसऱ्याच दिवशी कोनाड्यात ठेवलं असतंस. म्हणून आपलं बोललो."

"आपलं बोललास." तिनं मान हलवली. "फाल्गुनात तीन हजार भरली व्हती, त्या दिवसाची याद हाय?"

"कंटाळा आला होता म्हणालीस की."

"छातीत कळ आली व्हती. बांधावर दीड तास बसले. दोन बाया गाडी बोलवाया निघाल्या व्हत्या, त्यास्नी मीच लावून दिलं. म्हणलं, माझ्या लेकाला दिसतंय. मनगट उन्हात धरून बसले व्हते, खुळ्यागत."

जयदीपच्या तोंडातला घास तसाच राहिला. तो उठून जवळ आला. "आई... तू सांगितलं का नाहीस? चल, आत्ता दवाखान्यात जाऊ. आत्ताच्या आत्ता. चल ना."

त्यानं तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला, हिसडा न देता, एकेक बोट बाजूला करत.

"दवाखान्यात मी पूनमसंगं जाईन," ती म्हणाली. "आन् नीट ऐक जयदीप. तुझा बाप गेला तवा मी तांब्या आणाया गेले व्हते, म्हणून माझ्या मनाला अजून टोचणी हाय. तू तर बघतोय म्हणून सांगून पाठ फिरवलीस. पावलं चोरलीस ती मी दिली आसती, मागितली आसतीस तर पळत चालले आसते. पर माझा भरोसा तू गेटाबाहेरच्या वड्यावानी खाऊन टाकलास, आन् हात पुसलेस. इथनं पुढं मला काय झालं तर रस्त्यानं चाललेल्या परक्या माणसाला हाक मारीन. तुला मारायची न्हाई."