घडी मोडलेली साडी

"तो मानूस आमच्या यायच्याकडे कोनं धाडला, इनायतभाऊ?"

वच्छलानं पुन्हा विचारलं. इनायतुल्ला खाली मान घालून साड्यांच्या घड्या करत राहिला. जुन्या शहरातल्या याच दुकानात तिचा नवरा सूर्यभान गादीवर बसून साड्या दाखवायचा. दिवाळीनंतर एक गिऱ्हाईक नेसलेली साडी बदलायला आलं. सूर्यभान नाही म्हणाला, आणि गिऱ्हाइकानं त्याला गादीवरच भोसकलं. गिऱ्हाईक तुरुंगात गेलं. तेरवी झाल्यावर किशोरशेठनं सूर्यभानची जागा वच्छलाला दिली. शेठ देवमाणूस आहे असं सगळं जुनं शहर म्हणायचं; शेठचंही तेच मत होतं.

पण वच्छलाला हिशेब लागत नव्हता. गिऱ्हाइकं पाळीनं घ्यायची, ही दुकानाची रीत. त्या दिवशी पाळी इनायतची होती. मग मेला सूर्यभान कसा? इनायतनं मागवलेला चहा ती पीत नसे. तो जितका चांगला वागे, तितका तिचा संशय वाढे.

"बदलीच्या गिऱ्हाइकाले पाळी नसते, भाबी," तो शेवटी म्हणाला. "विक्री नाही ना त्याच्यात. आमी नजर फिरवतो. सूर्यभान नव्हता फिरवत."

"मंग त्यायनं नाही काहून म्हनलं?"

इनायतनं गल्ल्याकडे पाहिलं. शेठ फोनवर होता.

"त्यानं तं नवी साडी काढली होती. तेवढ्यात शेठ खाकरला. शेठ खाकरला म्हनजे गिऱ्हाइकाले नाही म्हनाचं. तुमाले नाही सांगितलं अजून?"

"पोलिसाले सांगितलं तुमी?"

"मले पोरी पोसाच्या हायेत, भाबी."

खरं बोलतो, की शेठवर ढकलतो? वच्छलानं त्या दिवशीही त्याचा चहा घेतला नाही.

दुपारी अंजनगावचा एक माणूस आला. "घरी रंग नाही पटला. बदलून द्या," म्हणाला. वच्छलानं साडी उलगडली. घडी मोडलेली, सेंटचा वास, पदरावर वरणाचा डाग.

गल्ल्यावरून शेठ खाकरला.

इनायत साड्यांचा गठ्ठा उगाच सारखा करू लागला. वच्छलानं माणसाचे हात पाहिले. एक हात पिशवीत होता.

ती गल्ल्याकडे वळली. "शेठ, मले खाकरनं समजत नाही. नाही म्हनाचं असन तं तुमी इथं या अन् यायले सांगा."

शेठनं माणसाकडे पाहिलं, मग पिशवीकडे. उठला मात्र नाही.

"दे बदलून."

माणसानं पिशवीतून पावती काढली.

वच्छलानं फळीवरची एक नवी साडी ओढली आणि गादीभर पसरली. पदर मात्र तिनं मुठीतून सोडला नव्हता.