राणी दुसऱ्याच्या गोठ्यात जाणार नाही

तिसरी गाय गाभडली, अपुऱ्या दिवसांचं मेलेलं वासरू टाकून बसली, तेव्हा माझ्या दिरानं दूधवाल्यासमोर, गड्यांसमोर तोंड उघडलं.

"वहिनी, राग मानू नका. सूनबाईनं धारेची बादली हातात घेतली नि हे सुरू झालं. पांढऱ्या पायाची आहे ती."

सून शेणाचं घमेलं उचलत होती. तिचे हात तिथंच थांबले.

"भाऊजी," मी म्हटलं, "तिचे पाय पांढरे का काळे ते शेणातून दिसतात कुठे? दिवसभर ती त्यातच उभी. तुम्ही चपला कोरड्या ठेवून बोलता."

मग चौथी व्याली. वासरू पुऱ्या दिवसांचं, पण उभं राहीना. मान मागं टाकून भिंतीकडे बघायचं. आचळ तोंडाशी धरलं तरी कळायचं नाही त्याला. दुसऱ्या दिवशी गेलं. भाऊजी म्हणाले, गुपचूप पुरून टाका. मी म्हटलं, खबरदार, आणि गुरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावणं धाडलं. त्यांनी वासरू तपासायला नेलं, सगळ्या जनावरांचं रक्तही घेतलं.

"मेंदूच्या जागी नुसतं पाणी होतं, आजी," त्या परत आल्यावर म्हणाल्या. "विषाणू आहे. गाभण गाईला लागला की कधी गाभ पडतो, कधी असं वासरू जन्मतं. माणसाच्या पायाशी त्याचा काही संबंध नाही."

"मग आला कुठून?"

त्यांनी राणीकडे पाहिलं.

राणी माझी कालवड. आई व्याली नि मेली, मी बाटलीनं वाढवलं हिला. हाक मारली की दावं ताणून माझ्याकडे येते. कांती अशी की माशी घसरावी. आणि हीच! आईच्या पोटातच लागण झालेली. हिला स्वतःला काही होत नाही, पण लाळेतून, शेणातून मरेपर्यंत रोग वाटत राहणार. औषध नाही. मी पुन्हा रक्त काढायला लावलं. काही दिवसांनी पुन्हा तेच उत्तर आलं.

भाऊजींना लगेच शक्कल सुचली. सकाळी फाटकाशी व्यापाऱ्याचा टेम्पो हजर. मी फाटकाला पाठ लावून उभी राहिले.

"आजी, मला चालते की," व्यापारी म्हणाला. "जनावर झकास आहे."

"तुला चालेल रे. जिथं उतरवशील तिथल्या गाई गाभडतील. त्या घरातही एखादे भाऊजी असतीलच. तिथल्या सुनेनं कुणाकडे बघायचं?"

व्यापारी फिसकन हसला. भाऊजी लाल झाले. "वहिनी, चारचौघांत..."

"चारचौघांतच! तिला बोललात तेव्हा काय कानात बोलला होता?"

टेम्पो रिकामा गेला. डॉक्टरीणबाई दुपारी राणीला कायमचं झोपवायची सुई घेऊन आल्या.

"आई, तुम्ही घरात जा. दावं मी धरते," सून म्हणाली.

"बाटली मी धरली होती, दावंही मीच धरणार. तू धारेचं बघ."

राणीनं माझा हात चाटला. मी चाटू दिला. डोळे पुसले नाहीत. बघायचं त्यांनी बघावं.

कुदळ मी भाऊजींच्या हातात दिली. त्यांनी चपला काढल्या नि गोठ्यामागच्या चिखलात उतरले.