प्रसूतीसमयी हजर

नगरपालिकेने रुग्णवाहिकेवरच्या जुन्या माणसांची नावं पितळी पाटीवर कोरायची ठरवली आणि यादी बाहेरच्या फलकावर डकवली. नऊ नावं होती. नऊच्या नऊ चालक.

गाडीत मागे रोग्याजवळ बसणाऱ्या आम्ही दोघी, मी आणि माझी नणंद बुटकी, त्यात कुठेच नव्हतो. बुटकी हे तिचं घरातलं नाव. उंचीने ती माझ्या खांद्याला लागायची, पण आवाजाने अख्खा दवाखाना जागा करायची. आम्हाला दवाखान्याच्या धुलाईघरातून दोन महिन्यांसाठी गाडीवर पाठवलं होतं. ते दोन महिने सव्वीस वर्षं चालले. कागदावर मात्र आम्ही चादरीच धूत राहिलो.

"जाऊ दे गं वहिनी," बुटकी म्हणाली. स्ट्रेचर उचलून उचलून तिच्या गुडघ्यांनी कधीच हात टेकले होते. "पाटीवर नाव आलं म्हणून मला जिना चढता येणार आहे का?"

तोंडाने असं म्हणाली खरी, पण ती नऊ नावं तिने माझ्याकडून दोनदा वाचून घेतली होती. मी चपला घातल्या.

आस्थापना विभागाचे साहेब माझ्या मुलाच्या वयाचे. त्यांनी फाईल उघडून दाखवली. "आजी, तुमच्या दोघींच्या सेवापुस्तकात धुलाई विभाग आहे. मी काय करू?"

"खालच्या मजल्यावरून जन्मनोंदीची जुनी पुस्तकं मागवा. गाडीत जन्मलेल्या मुलांची नोंद तुमच्याकडेच आहे. 'प्रसूतीसमयी हजर' या रकान्यात चालकाची सही निघाली, तर मी मुकाट घरी जाते."

तारखा मला तोंडपाठ होत्या. रेल्वेचं फाटक बंद असताना झालेली जुळी, वळणावर पायाळू आलेला मुलगा, सगळ्या. मी सांगत गेले, कारकून मुलगी पानं उलटत गेली. अकरा नोंदी निघाल्या. अकराही ठिकाणी माझी सही.

"पक्का पुरावा आहे," साहेब म्हणाले. "तुमचं नाव घालतो."

तिथेच उठले असते तर माझं काम झालं होतं.

"आणि माझी नणंद?"

"त्यांची एकही सही नाही."

"तिला लिहिता येत नाही. यातली सात बाळंतपणं तिने केलीत. दुसऱ्या दिवशी येऊन सही मी ठोकायचे."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे खोट्या सह्या? आजी, कळतंय का काय बोलताय? मग हा पुरावाच बाद. तुमचंही नाव जाईल. आणि नणंदेसाठी भावजयीची साक्ष कोण खरी धरणार?"

ती पाटी क्षणभर डोळ्यांसमोर आली, माझ्या नावासकट. पण मग बुटकीचे हात आठवले. छोटेसे, कोपरापर्यंत माखलेले, बाळाला पालथं धरून पाठ चोळणारे. आणि तोंडाने चालकाचा उद्धार चाललेला, "हळू चालव रे मेल्या, मागे दोन जीव आहेत!"

"सहावी नोंद काढा," मी म्हटलं. "बाळाच्या आईचं नाव वाचा."

कारकून मुलीने नाव वाचलं, मग सहीपाशी बोट नेलं आणि थबकली. "आजी, हे तर तुमचंच नाव. दोन्हीकडे!"

"माझी धाकटी. पुलावर झाली. दवाखान्याच्या दारात स्ट्रेचरवरच कागद पुढे आला आणि सवयीने मी सही केली. आता सांगा साहेब, मी आडवी पडून कळा देतेय आणि मीच समोर बसून बाळ काढतेय. एवढी हुशार असते तर धुलाईघरात कशाला गेले असते?"

मुलगी खुदकन हसली. साहेबांनी पुस्तक स्वतःकडे ओढून नीट पाहिलं. खाली त्यांच्याच कार्यालयाचा शिक्का होता.

"मग बाळ कोणी काढलं?"

"त्याच्या आत्याने."

साहेबांनी शिक्क्यावर बोट टेकवलं. "नोंद खोटी म्हणावी तर शिक्का आमचाच," ते म्हणाले. "दोघींना पुरवणी यादीत घेतो. पाटी कोरायला गेलीय."

"पुरवणी पाटी कुठे लावणार, जिन्याखाली? त्याच पाटीवर, त्याच मापाच्या अक्षरांत. कोरणाऱ्याला फोन करा. मी बसलेय."

"आजी, तुम्ही फार हट्टी आहात."

"माझ्या नणंदेला भेटला नाहीत अजून."

त्यांनी फोन केला. पलीकडचा माणूस कुरकुरला असावा, कारण साहेबांनी "थांबवा म्हटलं ना!" असं दोनदा सांगितलं. मुलीने यादीचा कागद पुढे घेतला. मी बुटकीचं पूर्ण नाव सावकाश सांगितलं, वडिलांच्या नावासकट.

"हुद्दा?"

"रुग्णवाहिका सेविका," मी म्हटलं. "आणि शिक्का माझ्यासमोर मारा."